सगळे एकदम बदलायला गेलो आणि तीन आठवड्यांत सगळेच थांबले: घरातला कचरा कमी करण्याची सुरुवात नेमकी कुठून करावी?

रानजाई:

नमस्कार. पुण्यात कोथरूडला आमची सदनिका आहे आणि घरात मी, माझे यजमान, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी असे चौघे राहतो. गेल्या वर्षी सासवडला जाताना आमची गाडी फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या बाजूने गेली, तेव्हा काचा वर केलेल्या असूनही वास आत आला आणि मुलीने विचारले, “आपला कचरा इथेच येतो का?” पुणे शहराचा कचरा कित्येक वर्षे या गावांच्या उशाशी टाकला गेला आणि गावकऱ्यांना त्यासाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरून कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या, हे मी वर्तमानपत्रांतून वाचलेले होते, पण मुलीला उत्तर देताना माझी जीभ रेटली नाही.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आम्ही सगळे एकदम सुरू केले. खताचा डबा आणला, प्लास्टिकचे डबे देऊन टाकून स्टीलचे घेतले, बांबूचे ब्रश आणले, कापडी पिशव्या शिवून घेतल्या आणि मुलीच्या डब्यात पाकिटबंद खाऊ द्यायचा नाही असे ठरवले. तीन आठवड्यांत खताच्या डब्याच्या तळाशी काळे पाणी साचले, घाण वास सुटला आणि झाकण उघडले की आत अळ्या वळवळताना दिसू लागल्या. सासूबाईंनी तो डबा स्वयंपाकघरात आणायला साफ मनाई केली, आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. कापडी पिशव्या घरी आणि आम्ही भाजीवाल्यासमोर, असे इतक्यांदा झाले की शेवटी यजमान म्हणाले, “हे आपल्याच्याने होणारे नाही.” तो डबा आता गॅलरीत झाकण लावून ठेवला आहे.

मला हे सोडायचे नाही. सगळे करता येत नसेल तर आधी कोणते एकच काम धरावे, बिघडलेल्या डब्याचे काय करावे, आणि घरातल्या माणसांवर सक्ती न करता हे कसे टिकवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

काळी माती:

रानजाई, तो डबा टाकून देऊ नका. तुमच्या वर्णनावरून त्यात एकच गोष्ट बिघडलेली दिसते: पाणी जास्त झाले आणि हवा कमी पडली. भाजीच्या देठासालींमध्ये बहुतांश पाणीच असते. नुसत्या साली एकावर एक पडत गेल्या की त्या दबतात, मधली हवा निघून जाते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथे वाढतात. तो घाण वास त्यांच्या कामाचा असतो. कचरा डेपोच्या ढिगाऱ्याच्या पोटातही हेच घडते आणि तिथे मिथेन वायू तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. घरच्या डब्यात हवा खेळती राहिली तर तोच कचरा वासाशिवाय कुजतो, आणि म्हणूनच तुम्हाला एकच काम धरायचे असेल तर ओल्या कचऱ्याचे धरा असे मी आग्रहाने सांगेन. ओले घराबाहेर गेले नाही की कोरडे आपोआप स्वच्छ राहते.

आता डब्याकडे वळू. सकाळच्या वेळी गॅलरीत जुनी वर्तमानपत्रे पसरून डबा त्यावर पूर्ण उपडा करा. जेवढा ओला लगदा निघेल तेवढ्याच आकारमानाचा वाळलेला पाचोळा हाताने चुरून त्यात मिसळा, दोन ओंजळी जुने शेणखत किंवा कुणाकडचे तयार कंपोस्ट घाला, ते नसेल तर वाटीभर आंबट ताक शिंपडा, आणि सगळे सैलसर परत भरा. त्यातले मूठभर उचलून पिळून पाहा. बोटांमधून पाणी ठिबकले तर अजून पाचोळा हवा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि तळहात फक्त ओलसर झाला तर ओल बरोबर आहे. पुढे रोज जेवढा ओला कचरा, त्यावर तेवढाच पाचोळा, आणि चार दिवसांनी एकदा काठीने खालवर, एवढेच करायचे असते. पहिले दोन महिने त्यात शिजवलेले, तेलकट किंवा मांसाहारी खरकटे घालू नका. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्याही नकोत, त्या फार सावकाश कुजतात.

जाड, चपट्या, तपकिरी अशा त्या अळ्या असतील तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या आहेत. ही माशी चावत नाही, अन्नावर घोंघावत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. तरीही त्या पाहून कुणाला किळस आली तर ते स्वाभाविक आहे. पाचोळा वाढवला की त्या पुष्कळ कमी होतात. पांढरी बुरशी दिसली तर काम नीट चालले आहे असे समजा आणि मुंग्या लागल्या तर डबा कोरडा पडला आहे, थोडे पाणी शिंपडा.

एक गोष्ट वेळेत करायला हवी. सध्या पानगळ चालू आहे आणि सोसायट्यांच्या आवारात झाडलेली पाने पोत्यांत भरून बाहेर जातात किंवा, वाईट म्हणजे, जाळली जातात. आताच दोन पोती भरून कोरड्या जागी ठेवा. जुलैमध्ये कोरडे पान शोधूनही मिळत नाही, आणि माझ्या माहितीतले बहुतेक डबे पावसाळ्यातच बंद पडलेले आहेत.

माजघर:

मी स्वतः एकाहत्तर वर्षांची सासू आहे, म्हणून सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द लिहिते. स्वयंपाकघर ही ज्या बाईने चाळीस वर्षे राखलेली जागा आहे, तिथे एखाद्या रविवारी अचानक नवा कायदा लागू झाला तर तो तिला आपला वाटत नाही. जुन्या साडीची गोधडी करणे, नाहीतर ती बोहारणीला देऊन पातेले घेणे, तेलाच्या दुकानात घरची बरणी घेऊन जाणे, राखेने भांडी घासणे हे आम्ही पर्यावरणाचे नाव न घेता केले आहे. तेव्हा सांगण्याऐवजी त्यांना विचारा: “तुमच्या घरी दोडक्याच्या शिरांचे काय करायचे?” त्या नक्की सांगतील.

शिरा सोलून बारीक चिरायच्या, थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग त्यात तीळ, सुके खोबरे, हिरवी मिरची आणि मीठ घालून भरड वाटायचे. भाकरीबरोबर ही चटणी भाजीआधी संपते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे, कोथिंबिरीचे देठ, लाल भोपळ्याची साल, यांतले काहीही आमच्याकडे टाकले जात नसे. काळी माती यांचा सल्ला उत्तम आहे, परंतु खताच्या डब्यात जाण्याआधीच जे पोटात जाऊ शकते ते तिकडे पाठवू नये असे मला मनापासून वाटते.

माझी सूचना अशी की आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त रोज रात्री ओला कचरा काट्यावर ठेवा आणि त्यात काय होते ते दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहा. आमच्या मुलाकडे हे केले तेव्हा चार माणसांचा रोजचा साधारण एक किलो भरला, आणि त्यात सालींपेक्षा मन दुखवणारी गोष्ट निघाली ती म्हणजे फ्रीजच्या खालच्या खणात काळी पडलेली मेथी, मऊ झालेली काकडी आणि तीन दिवसांचा भात. रविवारी आठवड्याची भाजी एकदम आणण्याची सवय त्याला कारण होती. आता ते बुधवारी आणि रविवारी थोडी थोडी आणतात, पालेभाजी त्याच दिवशी निवडून कोरड्या कापडात गुंडाळतात, आणि संध्याकाळी तांदूळ धुण्याआधी “आज घरी कोण जेवणार?” हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो. शिळी पोळी उरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीची पोळी होते, आणि मुले ती आवडीने खातात.

रद्दी आणि रुमाल:

सुक्या कचऱ्याविषयी मी लिहितो, कारण मी बराच काळ आमच्या भागातल्या कचरा वेचक ताईंबरोबर सकाळच्या फेरीला जात असे आणि वर्गीकरणाच्या शेडमध्ये बसत असे. पुण्यात कचरा वेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांची स्वतःची सहकारी संस्था निर्माण झाली, जी २००८ पासून महापालिकेशी केलेल्या कराराने दारोदार कचरा गोळा करते. सुका माल विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा मोठा आधार असतो. आपण वर्तमानपत्रावर आमटी सांडून ते डब्यात टाकले की भंगाराच्या दुकानात त्याचा भाव पडतो किंवा दुकानदार ते घेतच नाही. आपण एका क्षणात टाकलेल्या वस्तूची ही दुसरी बाजू शेडमध्ये बसल्यावर रोज दिसते.

मला विचाराल तर पहिले काम दुधाच्या पिशवीचे. आपल्याकडे घरटी रोज एकदोन पिशव्या येतात आणि प्रत्येक जण कात्रीने कोपरा पूर्ण कापतो. तो नखाएवढा तुकडा हाती लागत नाही, वेचला जात नाही आणि थेट गटारात नाहीतर ढिगाऱ्यात जातो. कोपरा निम्माच कापून पिशवीला लटकता ठेवा, पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून हलवा, ते पाणी कणीक भिजवायला किंवा तुळशीला घाला, आणि पिशवी उलटी करून चिमट्याने दोरीवर लावा. दूध तापवायला ठेवल्यापासून ते वर येईपर्यंत हे होते. ही पिशवी एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असते, म्हणून स्वच्छ आणि कोरडी असेल तर तिला गिऱ्हाईक मिळते. याउलट वेफर्स आणि बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे त्यांना जवळजवळ कुणीच घेत नाही. मुलीच्या खाऊबाबत तुम्ही ठरवले होते ते योग्यच होते. फक्त सक्तीऐवजी आठवड्यातून एक दिवस तिच्या आवडीचे पाकीट आणि बाकी दिवस चुरमुऱ्यांचा चिवडा किंवा शेंगदाण्याचा लाडू, असे करून पाहा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांच्याविषयी स्पष्ट लिहितो, कारण हा विषय टाळला जातो. ते मोकळे टाकले की कुणीतरी ते हाताने वेगळे काढते, आणि ते हात त्या ताईंचे असतात. म्हणूनच वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर ठळक लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी उघडण्याची वेळ येत नाही. फुटलेली काच आणि दाढीची पातीही अशीच वेगळी बांधून, वर लिहून द्यावीत. संपलेले सेल, ट्यूबलाइट, मुदत गेलेली औषधे आणि रंगाचे डबे हा आणखी वेगळा गट आहे. ओले, सुके आणि हे घरगुती घातक, असे तीन भाग घरातच करणे २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केले होते.

ओंजळ:

वरचे तीनही सल्ले मोलाचे आहेत, पण रानजाई यांनी ते तीनही सोमवारपासून सुरू केले तर पुन्हा तेच होईल, अशी मला भीती वाटते. सवय कशी लागते याविषयी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. रोज ठरावीक वेळी किंवा ठरावीक कामानंतर एकच साधी नवी गोष्ट करायची, एवढीच अट होती, आणि ती विचार न करता होऊ लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजाने २५४. म्हणजे तीन आठवडे हा काळच अपुरा होता. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त दिलासा देणारी वाटते: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष खंड पडला नाही. पिशवी एकदा विसरली म्हणजे संकल्प मोडला, असे घरात कुणी म्हणू नये.

पिशवीचे म्हणाल तर ती कपाटात होती म्हणून विसरली. एक पातळ कापडी पिशवी घडी करून गाडीच्या किल्लीच्या खिळ्यालाच अडकवा, म्हणजे किल्ली घेताना हाताला पिशवी लागेल. जे काम रोज होतच असते त्याच्या शेपटाला नवे काम बांधले की आठवणीवर भार पडत नाही.

तळमजला:

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे, आणि तो मी आमच्या चौऱ्याऐंशी सदनिकांच्या सोसायटीची सहा वर्षे सेक्रेटरी असताना घेतलेल्या अनुभवावरून मांडते. घरोघरच्या सवयींवर भर देताना कचऱ्याची सगळी जबाबदारी गृहिणीच्या ओट्यावर येऊन पडते, आणि ज्यांनी ते चकचकीत वेष्टन बाजारात आणले ते नामानिराळे राहतात. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, तरीही मंडईत पातळ पिशवी मिळायची थांबलेली नाही. नियम आणि त्यांची अंमलबजावणी यांसाठी आपण बोलले पाहिजे, आणि त्याची सुरुवात सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपासून होते.

२०१६ च्याच नियमांत दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक मानले होते आणि पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे म्हटले होते. आम्ही खतासाठी मागच्या बाजूला विटांचे हौद बांधले. पहिल्या वर्षी एका कंत्राटदारावर सगळे सोपवले आणि हौद वर्षभरात कचराकुंडी झाले, कारण कचरा मिसळून येत होता आणि तो मिसळू नये असे सांगणारे आमच्यातले कुणीच खाली उतरत नव्हते. दुसऱ्या वर्षी आम्ही आठ जणींनी पाळ्या लावून महिनाभर सकाळी सात ते आठ हौदाशी उभे राहायचे ठरवले. कुणाला रागावलो नाही. पिशवीत प्लास्टिक दिसले तर तिथेच त्या माणसासमोर काढून सुक्यात टाकत होतो. महिन्याच्या शेवटी काढण्यासारखे फार थोडे उरले होते. खत तयार झाले तेव्हा ते प्रत्येक घरी कागदी पिशवीतून नेऊन दिले, आणि जे सर्वाधिक विरोध करत होते त्या काकांनी दोन पिशव्या मागून घेतल्या. त्यामुळे रानजाई, गॅलरीतला डबा सुरू कराच, पण पाचोळ्याची पोती मागायला जाल तेव्हा समितीशी या विषयावरही बोलून या.

रानजाई:

सर्वांना मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला तीन महिने लावले, कारण काहीतरी करून मगच लिहायचे असे ठरवले होते. आता जूनचा दुसरा आठवडा चालू आहे.

आधी आठवडाभर फक्त वजन केले आणि ते काम मुलीने घेतले. माजघर यांनी लिहिले तसेच निघाले: भात आणि पालेभाजी. सासूबाईंना दोडक्याच्या शिरांचे विचारले तेव्हा त्यांनी वेगळीच, लसूण आणि जिरे घातलेली कृती सांगितली आणि स्वतःच करून दाखवली. त्यानंतर दुधाची पिशवी हे एकच काम सहा आठवडे ठेवले, दुसरे काहीही नाही. सध्या ते यजमान करतात, कारण सकाळचे दूध तेच तापवतात, आणि त्यांना कुणी सांगावे लागत नाही. किल्लीच्या खिळ्याला पिशवी लागली आहे. ती अजूनही आठवड्यातून एकदा राहून जाते.

डबा एप्रिलमध्ये उपडा केला. सोसायटीच्या माळीकाकांनी पाचोळ्याची तीन पोती दिली, मूठ पिळून पाहण्याची परीक्षा मुलीने घेतली आणि चौथ्या दिवशी वास गेला. अळ्या पूर्ण गेल्या नाहीत, पण वर पाचोळा असल्याने दिसत नाहीत, आणि सासूबाईंनी डबा गॅलरीतच राहील या अटीवर परवानगी दिली आहे. रविवारी तळाचा थर काढून पाहिला तर तो काळा, मोकळा होता. त्यात एक अंड्याचे कवच आणि एक चहाच्या गाळाचा गोळा तेवढा ओळखू येत होता. मुलीने तो हातात घेऊन नाकाशी धरला आणि आजीकडे धावत गेली. सासूबाईंनी वास घेतला, काही बोलल्या नाहीत, आणि संध्याकाळी त्यातलेच दोन ओंजळी खत त्यांनी तुळशीच्या कुंडीत घातलेले दिसले.

काळी माती यांना एक विचारायचे आहे: तिसरे पोते अर्धे संपले आहे आणि पाऊस सुरू झाला आहे. पुढच्या महिन्यात पाचोळा संपला तर त्याऐवजी लाकडाचा भुसा चालेल का, आणि तो किती घालावा?

काळी माती:

चालेल, परंतु तो साध्या लाकडाचा असावा. प्लायवूड किंवा रंग दिलेल्या लाकडाचा भुसा घेऊ नका, त्यात डिंक आणि रसायने असतात. भुसा पाचोळ्यापेक्षा बारीक असल्यामुळे दबून बसतो, म्हणून त्याचे प्रमाण निम्मे ठेवा आणि त्याबरोबर अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचे किंवा साध्या खोक्याचे हाताने फाडलेले तुकडे घाला, म्हणजे मध्ये हवा राहील. पावसाचे पाणी गॅलरीत आत येत असेल तर डबा दोन विटांवर उचलून ठेवा आणि खालची भोके मोकळी आहेत ना ते दर रविवारी बोट घालून पाहा.